चुना मारलेले दगड

बातमी आली तेव्हा मी न्हाव्यापुढं बसलो होतो, एक गाल झालेला आणि दुसऱ्याला साबण. फोन वहिनींचा, म्हणजे कॅप्टनसाहेबांच्या बायकोचा. "मुकादम, साहेब गेले," एवढंच त्या बोलल्या. न्हावी म्हणाला, बुवा, दुसरा गाल तरी होऊ द्या. मी तोंड पुसलं आणि तसाच उठून महागावहून आर्णीची गाडी धरली. तिथं अंगणात जमलेली माणसं माझ्या अर्ध्या दाढीकडं पाहत होती. पाहू द्या, म्हटलं. त्याला आता दीड महिना होत आला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पेपरात कधी लिहिलं नाही. पण साहेबांची एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, म्हणून लिहितो. नात म्हणाली, मी नीट करून देते आजोबा. मी म्हटलं, राहू दे, आहे तसं जाऊ दे.

कॅप्टन वानखडे मूळचे आर्णीचेच. जन्मभर मोठी विमानं चालवली आणि निवृत्त झाल्यावर गावाकडं येऊन जिल्ह्यातल्या एका धावपट्टीवर पोरापोरींना लहान विमान शिकवू लागले. त्याच धावपट्टीच्या कामावर मी मुकादम होतो. विमान शेडमधून निघून धावपट्टीपर्यंत चाकांवर चालत जातं, त्या रस्त्याला तिथं टॅक्सी-वे म्हणतात. तो आम्ही अर्धा खोदून ठेवला होता आणि उरलेल्या अर्ध्यावरून विमानं जात. वाट रोज बदलायची, आज इकडून बंद तर उद्या तिकडून. साहेब रोज सकाळी विमानात बसायच्या आधी ती वाट पायी चालून येत, हातात कागद आणि पेन्सिल. कुठं खड्डा, कुठं खडीचा ढीग, कुठं वळायचं, सगळं काढत. जिथं थांबून, पुढं जाऊ काय असं रेडिओवर विचारायचं, तिथं आडवी रेघ. मी एकदा हटकलं, "काहून फिरून राह्यले साहेब? काल तं पाह्यलं तुमी." ते म्हणाले, "काल तुमी इथं खोदलं नव्हतं, मुकादम." तिथून आमची ओळख वाढली. माझ्या डब्यातला ठेचा त्यांना चाले, त्यांचा बिनसाखरेचा चहा मला चालत नसे, तरी प्यायचो. मला वाटायचं वैमानिकाला आभाळाची भीती असेल. ते हसले. आभाळात जागा भरपूर हाये म्हणाले, माणूस चुकते ते जमिनीवर, घाईनं वळताना.

आता माझं सांगतो. आमच्याकडं गावात वरात येवो की पुढारी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगड मांडून चुना मारायची रीत आहे. विहिरीभोवती, ओढ्यावरच्या रपट्याच्या कडेलाही तेच. पांढरा दगड दिसला की माणूस कडेनं सांभाळून चालतो. एका संध्याकाळी खडीचा टिप्पर आत घ्यायला आम्ही खड्ड्यासमोरचे लाल-पांढरे बॅरिकेड बाजूला सारले. ते परत लावायला पाहिजे होते. मी लावले नाहीत. त्याऐवजी दोरी धरून वळणापासून थेट खड्ड्याच्या दोन्ही अंगांना दगडांच्या दोन ओळी मांडल्या आणि वर ताजा चुना मारला. कोणी पडू नये म्हणूनच केलं, आणि खरं सांगायचं तर, दिसायलाही ते सुंदर दिसत होतं.

दुसऱ्या सकाळी साहेबांचा गुडघा सुजला होता, ते वाट चालून आले नाहीत. विमान एक शिकाऊ पोरगी चालवत होती, साहेब शेजारी. ऊन समोरून. पोरगी त्या दोन ओळींच्या मधोमध वळली. बाजूच्या काचेतून उकरलेली माती पाहून साहेबांनी ब्रेक दाबला तेव्हा विमानाचं नाक खड्ड्यापासून बैलगाडीच्या लांबीवर होतं. मी धावत गेलो आणि उलट मीच ओरडलो, एवढा खड्डा दिसत नाही काय म्हणून. साहेब उतरले. पोरीला पाणी द्यायला लावलं, आणि मला म्हणाले, "मुकादम, तुमी बसून पाहा." मी बसलो. विमानाचं नाक एवढं वर की खड्डा त्यामागं पुरा झाकलेला. दिसत होत्या फक्त दोन पांढऱ्या ओळी, नवरदेवासाठी मांडाव्या तशा, आणि त्यांच्या मधून या म्हणणारी वाट... मला सगळं समजलं. खाली उतरून मी काय म्हटलं? म्हटलं, दगडाले चुना नाही तं काय हळद लावाव?

दोन दिवसांनी चौकशीला साहेबलोक आले. इस्त्रीचे कपडे, हातात फायली. मला विचारलं, खड्ड्यासमोर बॅरिकेड होते काय. सगळी माझी माणसं मागं उभी होती. मी म्हटलं, होते. कॅप्टनसाहेब माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी त्या सकाळी वाट चालून पाह्यली नाही. ही माही चूक हाये." माझं नावही घेतलं नाही. त्यानंतर त्यांना विमानात बसू दिलं नाही. काही दिवस फळ्यावर शिकवलं, मग तेही सोडून घरी बसले.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना मी एकट्यानं सगळे दगड लाल रंगवले. तिथं लाल म्हणजे बंद. साहेब फिरत आले, वाकून एक दगड उचलला, "रंग बरा बसला," म्हणाले आणि तो घरी घेऊन गेले. मी कबूल झालो असं त्यांनी धरलं असेल. पण तोंडानं मी काही बोललो नाही. पुढं इतकी वर्षं त्यांच्या घरी जात राहिलो, वऱ्हांड्यात खुर्च्या टाकून बसत राहिलो, तरी नाही.

शेवटी त्यांचे पाय गेल्यासारखे झाले. त्यात मधल्या खोलीची फरशी बदलणं सुरू होतं. मी गेलो तर पलंगाजवळच्या स्टुलावर तोच दगड, खाली कागद. पलंगापासून वऱ्हांड्यापर्यंतची वाट पेन्सिलीनं काढलेली, उखडलेली फरशी दाखवलेली, दम घ्यायच्या जागी दोन आडव्या रेघा. काठी टेकत निघाले, मी मागं. उंबऱ्याशी दुसरी रेघ होती. तिथं थांबले, वळले. "मुकादम, काही सांगाचं हाये काय?"

मी म्हटलं, "तुरीले यंदा फूल चांगलं हाये."

ते हसले आणि पुढं निघाले. ती आमची शेवटची भेट.

तेरवी झाल्यावर गेलो तेव्हा वहिनींनी तो दगड आणि कागद माझ्यापुढं ठेवला. लाल रंग जागोजागी उडालेला, खालचा चुना दिसत होता. कागद मी पहिल्यांदाच नीट पाहिला. वऱ्हांड्यात दोन चौकोन काढले होते आणि एकात लिहिलं होतं, मुकादम. वहिनी म्हणाल्या, दुसरी खुर्ची ते कोणाला उचलू देत नव्हते, मुकादमाचं बोलणं राह्यलं हाये म्हणायचे.

कागद हातात धरून मी पलंगापासून निघालो. फरशी आता नवी, गुळगुळीत झाली आहे, तरी पहिल्या रेघेवर थांबलो. मग उंबऱ्याशी. "साहेब, बॅरिकेड नव्हते," मी म्हटलं. "मीच लावले नव्हते." मागं स्वयंपाकघरात वहिनींच्या भांड्यांचा आवाज थांबला... साहेब त्या दिवशी जितका वेळ उभे होते, तितका वेळ मीही उभा राहिलो. मग वऱ्हांड्यात जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो.