कोपऱ्यातला ‘मरा’

मी अक्षरं पाटीवर कमी आणि पत्रकांवर जास्त गिरवली. वडील सभेहून यायचे ते खिशात घडी घातलेली पत्रकं घेऊन, आणि आई चुलीपुढे बसून ती अक्षर अक्षर लावत वाचायची. पुढे घरच्या जुन्या संगणकावर मी सगळं मराठीत करून घेतलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. आपल्या भाषेत चालत नाही ते यंत्र आपलं नाही, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे.

आमच्या घराला लागून बुद्धविहार, आणि त्याच्या मागच्या खोलीत वाचनालय. ते चालवणाऱ्या निवृत्त सरांनी तिथल्या वायफायला एक डिस्क जोडून ठेवली होती. गावातली पत्रकं, अर्ज, फोटो, सगळं त्यात. वायफाय आमच्या घरात यायचं, म्हणून मी घरी बसूनच त्या फोल्डरमध्ये काम करायचे.

त्या दिवशी त्यातलं एक पत्रक दुपारी तीनच्या आत जालन्याच्या छापखान्यात पोचायला हवं होतं. गावाची सकाळची बस बंद झाली होती. माझी बहीण आणि आणखी चार मुली कॉलेजसाठी केदारखेड्याच्या फाट्यापर्यंत अंधारात चालत जायच्या. आईने बहिणीला बजावलं होतं, बस सुरू झाली नाही तर दिवाळीनंतर कॉलेज बंद. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. पत्रक घरोघर गेलं नाही तर हा विषय कुणी काढणार नव्हतं.

सर छापखान्यात जाऊन बसले होते, वाचनालयाची किल्ली त्यांच्याच खिशात. मी फोल्डर उघडायला गेले तर पासवर्ड मागितला. सरांनी तो आदल्या दिवशीच बदलून मला मेसेजने कळवला होता. मी टाकला. पडद्यावर आलं, ‘प्रवेश नाकारला.’

हे दोन शब्द आमच्या वस्तीत कुणी सहज वाचत नाही. त्यात आठवड्यापूर्वीच सरांशी माझं वाजलं होतं. माझ्या मजकुरातला ‘निर्लज्ज’ काढून त्यांनी ‘संबंधित’ घातला होता. मी संगणक बंद करून चालू केला. मोबाइलवर तेच वायफाय नीट चालत होतं. खिडकीतून डिस्कचा हिरवा दिवाही दिसत होता. एकेक अक्षर मोठ्याने म्हणत पाच वेळा पासवर्ड टाकला. पाचही वेळा तेच. मग फोन लावला.

“सर, माझं नाव काढलं असलं तर तोंडावर सांगा.”

“कामून काढू तुझं नाव? इथं हा छापखानेवाला मशीन थांबवून बसलाय. जल्दी कर.”

“पासवर्ड तरी बराबर दिला का?”

“बिलकुल बराबर. भांडण मंग कर, आधी फाइल पाठव.”

आईची त्या दिवशी सुटी होती. ती एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला आहे. छापलेलं दिसेल ते वाचायचं, ही तिची सवय. औषधाची बाटली सोडत नाही की पोतं सोडत नाही. माझ्यामागे उभी राहून ती पडदा वाचत होती.

“काय गं, हे खाली कोपऱ्यात ‘मरा’ कामून लिहिलंय? कोणाला मरा म्हणून राह्यलं हे?”

“आई, ते मराठीचं ‘मरा’ आहे. कीबोर्ड मराठीत...”

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. पासवर्ड इंग्रजी अक्षरांचा होता. माझ्या बोटांखाली मराठी अक्षरं उमटत होती, आणि पडद्यावर दोन्हींचे सारखेच काळे ठिपके. जुना पासवर्ड संगणकानेच लक्षात ठेवला होता, त्यामुळे तो हाताने टाकायची वेळ कधी आली नव्हती. मी कीबोर्ड बदलला. फोल्डर उघडला.

पत्रक पाठवून पुन्हा फोन केला.

“सर, चूक माझी होती. उगाच बोलले.”

“कोणी पकडली?”

“आईनं.”

“मंग त्यांना घे वाचनालयाच्या समितीत. तुझ्यापेक्षा बारीक वाचतात.”

संध्याकाळी पत्रक घरोघर गेलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत बसचा ठराव झाला. पण ठराव झाला म्हणून उद्या सकाळी बस येत नाही, हे आईला माझ्याआधी कळलं. सभा उठायच्या आत तिने फाट्यावरून कारखान्याच्या टेम्पोने जाणाऱ्या बायांना गाठलं.

“आपण फाट्यावर जातोच की. अर्धा तास आधी निघू. पोरी आपल्यासंगं येतील.”

बस अजून आलेली नाही. अर्ज चालू आहेत, ते मीच लिहिते. दिवाळी होऊन गेली. बहीण रोज पहाटे त्या बायांच्या घोळक्यात चालत फाट्यावर जाते, आणि वाटेत आई तिला विचारते, काल काय शिकवलं.