भिगवणचा बर्फ
मासळीचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली भिगवणची एक दुपार आठवते. सारखा तोल जाणारी एक मेंढी इंदापूरला मेली होती, आणि माझ्या प्रबंधासाठी तिच्या लहान मेंदूत, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागात, कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन कुठल्या पेशींत उरलंय ते मला तपासायचं होतं. मेंदू बर्फाच्या डब्यात घेऊन पुण्याला निघाले, तर भिगवणला एसटी बंद पडली. बर्फाचं पाणी होऊ लागलं. तशी मेंढी पुन्हा मिळणार नव्हती. मासे विकणाऱ्या बाईंना सगळं सांगून म्हणाले, "मावशी, थोडा बर्फ द्याल?" "मला काय कळलं न्हाय, पर नासाय नगं त्ये," म्हणत त्यांनी आपल्या माशांवरचा बर्फ डब्यात ओतला. पुढं सूक्ष्मदर्शकाखाली ते प्रथिन ज्यांत असतं त्या मोठ्या पेशींच्या रांगेत मेलेल्या पेशींच्या रिकाम्या जागा दिसल्या, तेव्हा ती मेंढी का पडायची ते उमगलं. प्रबंधात मी सगळ्यांचे आभार मानले. मावशींचं नाव मात्र विचारलंच नव्हतं, हे आजही खुपतं.