सात नंबरच्या काकूंचा अर्धा तास

शाळेच्या मागच्या आवारात अकरा बस फाटकाकडे तोंड करून ओळीने उभ्या असतात आणि सकाळी नऊपासून दुपारी अडीचपर्यंत त्यांना काडीचंही काम नसतं. बसला नसतं म्हणजे चालकांनाही नसतं. कोणी मागच्या लांब बाकावर ताणून देतं, कोणी पत्ते कुटतं, कोणी वर्तमानपत्र वाचून देश चालवणं किती सोपं आहे ते बाकीच्यांना पटवत बसतं. सात नंबरच्या बसच्या काकू मात्र शेती करायच्या.

शेती म्हणजे व्हिडिओ गेममधली. तळहाताहून थोड्या मोठ्या कन्सोलवरची. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा जाताना तिने तो काकूंच्या हातात ठेवला होता आणि तसाच दुसरा स्वतःबरोबर नेला होता. दुपारी एकला तिची जेवणाची सुट्टी व्हायची. पाच मिनिटांत डबा आटोपून ती पडद्यावरच्या शेतात उतरायची आणि इकडून काकू उतरायच्या. लेकीने कोबी लावायचा, आईने पाणी घालायचं. दीड वाजला की लेकीची बाहुली हात हलवून निघून जायची. बोलणं म्हणाल तर शून्य, त्या खेळात बोलायची सोयच नव्हती. रात्रीच्या फोनवर तरी काय? कशी आहेस, बरी आहे, जेवलीस का, जेवले. दोन मिनिटांत कारभार आटोपायचा. त्यामुळे काकूंचा सगळा दिवस त्या अर्ध्या तासावर उभा होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. लोक विचारायचे तेव्हा त्या म्हणायच्या, "वेळ जातो हो. दुसरं काय."

काकूंची आवारात वट होती, ती मात्र शेतीमुळे नव्हे. एकोणीस वर्षांत त्यांची बस एका मिनिटानेही उशिरा सुटली नव्हती. दोन वाजून वीस मिनिटांनी त्या किल्ली फिरवत आणि सात नंबरचं इंजिन असं काही खाकरायचं की झोपलेले उठत, पत्ते गोळा होत, देशाचा कारभार घडी घालून सीटखाली जाई. बाकीच्या दहा चालकांपैकी एकालाही गजर लावायची सवय उरली नव्हती. गरजच काय होती?

आणि अशा सुखात लेकीचा निरोप आला. ऑफिसातल्या लोकांचं ऐकून तिने हातात धरायचा गेमिंग पीसी घेतला होता. आकाराने कन्सोलसारखाच, पण आतून अख्खा कॉम्प्युटर. आपलं शेत त्यावर नेता येईल, असं तिने लिहिलं होतं, पण मग कन्सोलवाल्याला त्या शेतात पाऊल टाकता येणार नाही. 'आई, तूही घेतेस का? नाहीतर...' पुढे तीन टिंबं होती.

काकू उठल्या आणि अकरा नंबरच्या चालकाकडे गेल्या. या गृहस्थांना आवारात 'सल्लागार' म्हणत. चष्म्यापासून चपलेपर्यंत कुठल्याही वस्तूवर ते मत देत आणि मत न मागणाऱ्यालाही उपाशी ठेवत नसत.

"हे बघा काकू," सल्लागारांनी पत्ते पालथे ठेवले, "कन्सोल म्हणजे आपली शाळेची बस. ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे. किल्ली मारली की निघाली. पीसी म्हणजे ट्रक. हवा तिथे न्या, हवं ते भरा. पण वाटेत बंद पडला तर खाली उतरून हात काळे करायची तयारी पाहिजे. तुम्हाला भरायचंय काय?"

"कोबी."

"मग कन्सोलच. डोळे झाकून कन्सोल! बॅटरी टिकते, तापत नाही, मध्येच बंद केला तरी जिथे होता तिथून सुरू होतो. कोबीसाठी ट्रक कोण घेतं?"

"अहो, पण लेक ट्रकमध्ये जाऊन बसलीय ना," काकू म्हणाल्या.

सल्लागारांनी पत्ते उचलले.

काकूंनी ट्रक घेतला. दुकानदाराने पंधरा दिवसांत परत करायची मुभा दिली, तेव्हाच खरं तर ओळखायला हवं होतं. पेटीतून जे निघालं ते चहाच्या ट्रेएवढं होतं आणि एकोणीस वर्षं बसचं चाक फिरवलेल्या मनगटांनाही दहा मिनिटांत कळ लागली. सुरू केल्यावर आधी त्याने भाषा विचारली, मग देश, मग ईमेल, मग पासवर्ड, मग बोटाचा ठसा, आणि काकूंना अटी मान्य आहेत का तेही विचारलं. अटी एकशे चाळीस पानी होत्या. पासवर्ड टाकायला गेलं की पडद्यावर टाइप करायची पाटी उगवायची ती नेमकी पासवर्डच्या चौकटीवर बसायची. आतला पंखा असा घोंघावायचा की शेजारच्या सहा नंबरने झोपेत दोनदा खिडकी बंद केली. बॅटरी दीड तास चालायची, तीही मर्जी असली तर. आणि अपडेट! दिवसभर गरीब गायीसारखं पडून असलेलं ते यंत्र बरोबर एकला दोन मिनिटं कमी असताना जागं व्हायचं आणि जाहीर करायचं की आता आपण स्वतःला सुधारणार आहोत, तोवर कोणी हात लावू नये.

"मला सुधारायचं नाहीये," पहिल्या दिवशी काकू त्याला म्हणाल्या. "मला पाणी घालायचंय!"

लेकीला फोन लावावा लागला. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी तो चाकापुढे ठेवला.

"आई, खाली उजवीकडे काय दिसतंय?"

"गोल फिरतंय."

"त्याच्या बाजूला आकडा असेल बघ."

"चौदा टक्के."

"मग थांबावं लागेल."

थांबल्या. दोघी फोनवर, मध्ये गोल फिरतंय. किती वेळ गप्प बसणार? लेकीने खोलीतल्या मैत्रिणीची तक्रार सांगितली, ती कप धुतच नाही, नवा काढते. काकूंनी सहा नंबरच्या घोरण्याची नक्कल केली. एकोणनव्वद टक्के झाले तेव्हा दीड वाजला होता. कोबीला पाण्याचा थेंब मिळाला नाही.

पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले. कधी आईचं यंत्र सुधारत होतं, कधी लेकीचं. कधी दोन्ही सुरू असायची आणि खेळच म्हणायचा की मी सुधारतोय. शेत वाळलं. काकूंचा संताप अनावर झाला. सगळा मिळून अर्धा तास, त्यातला निम्मा टक्के मोजण्यात जातो म्हणजे काय! त्यांनी सल्लागारांना सांगून टाकलं की येत्या शनिवारी हे धूड दुकानदाराच्या डोक्यावर नेऊन आपटते आणि लेकीलाही सांगते, बाई गं, झेपत नाही. सल्लागारांनी 'मी म्हटलं नव्हतं?' असा चेहरा केला. तो चेहरा त्यांना फार शोभायचा.

शनिवारच्या आधीचा गुरुवार उजाडला. उकाडा मी म्हणत होता. बाराला काकूंनी पाहिलं तर बॅटरी तळाला आणि अपडेट भलामोठा, बहुतेक पीसीचा पुनर्जन्मच व्हायचा होता. पण काकूही हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. आदल्या दिवशीच त्यांनी बसच्या बॅटरीवर चार्जर चालवायचा एक डबा आणला होता. तो लावला, किल्ली अर्धी फिरवली, यंत्र जोडलं. ते तापायला लागलं तेव्हा त्याला उकडू नये म्हणून बसमधले सहाही पंखे त्याच्याकडे वळवून लावले. बसची बॅटरी म्हातारी झाली होती, नवी देतो देतो म्हणून सुपरवायझर दोन महिने झुलवत होते, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. पण माणूस हट्टाला पेटला की ठाऊक असलेलंच आधी विसरतो.

एकला फोन वाजला.

"आई, किती?"

"तीन टक्के. आज काही खरं नाही."

मग लेक म्हणाली, "आई, मला इथे नाही आवडत."

"कुठे? शेतात?"

"ऑफिसात. तीन वर्षं झाली. माझ्याशी कोणी बोलत नाही गं. सगळे घोळक्याने जेवायला जातात, मी एकटीच बसते. म्हणून तर रोज एकला शेतात यायचे. हे यंत्रही तेवढ्यासाठीच घेतलं. ते सगळे यावर खेळतात. वाटलं, मला घेतील."

"घेतलं का?"

"नाही."

तीन वर्षं काकूंना वाटत होतं की गुणाची पोर ती, आईचं मन राखायला स्वतःची सुट्टी खर्च करते.

"मला वाटायचं, तू माझ्यासाठी येतेस," त्या म्हणाल्या.

"मला वाटायचं, तू माझ्यासाठी खेळतेस. तुला कुठे आवडतात असले खेळ."

"अकरा टक्के झाले," काकू म्हणाल्या, कारण रडू फुटायच्या आत काहीतरी म्हणणं भाग होतं.

दीड वाजला. लेक जागेवर गेली नाही. जिन्यात बसून बोलत राहिली. कोण काय म्हणालं, कोणी काय म्हटलं नाही, वाढदिवसाचा केक सगळ्या टेबलांवर फिरला आणि तिच्या टेबलापाशी येऊन कसा संपला. केकचं ऐकून काकूंनी त्या अख्ख्या ऑफिसचा जो उद्धार केला तो शाळेच्या आवारात शोभणारा नव्हता. लेक खूप दिवसांनी खळखळून हसली. दुसरी नोकरी शोधायची, मिळेपर्यंत दुपारी जिन्यात बसून आईला सगळं सांगायचं, मनात कुजवत ठेवायचं नाही, असं दोघींचं ठरलं. साठ टक्के झाले, सत्तर झाले. काकूंनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

शाळा सुटल्याची घंटा झाली, तेव्हा आवारात दहा चालक गाढ झोपले होते. पत्तेवालेसुद्धा हातात पत्ते धरून पेंगत होते. दोन वीस केव्हाच होऊन गेले होते आणि सात नंबर खाकरली नव्हती. पोरांचा लोंढा आवारात घुसला तसे सगळे धडपडून उठले. एक जण दुसऱ्याच्या चपला घालून पळाला. तीन नंबरवाले घाईत पाच नंबरमध्ये चढले आणि पोरांनी "काका, चुकलात!" असा गिल्ला केला.

काकूंनी फोन ठेवला, किल्ली पूर्ण फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. बसमध्ये चाळीस पोरं, पडद्यावर ब्याण्णव टक्के, आणि बॅटरी गतप्राण. काकूंची पाचावर धारण बसली.

"काकू, पीसी चार्ज करत होतात?" मागच्या बाकावरच्या आठवीतल्या मुलीने विचारलं.

"खाली बस!" काकू ओरडल्या.

शेवटी सल्लागारांनी आपली बस शेजारी लावली, वायरी काढल्या आणि हात काळे केले. तेवढ्यात ट्रकचा दाखला पुन्हा द्यायला ते विसरले नाहीत. सात नंबर अकरा मिनिटं उशिरा सुटली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण घरी उशिरा पोचण्याइतकं सुख त्यांना दुसरं नव्हतं.

फेरी संपल्यावर सुपरवायझरच्या खोलीत उशिराची वही भरायची होती. काकूंनी ती वही एकोणीस वर्षांत हातात धरली नव्हती. सुपरवायझरने आधीच्या दहा नोंदी दाखवल्या. उशीर चार मिनिटं, पाच मिनिटं, सल्लागारांचा तेवढा दहा. आणि दहाही जणांनी कारणाच्या रकान्यात एकच लिहिलं होतं: 'सात नंबर वाजली नाही.'

काकूंनी पेन घेतलं. वाहतूक, टायर, इंजिन, बॅटरी, इतर, असे छापील पर्याय होते. त्यांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं: 'मुलगी बोलत होती.'

सुपरवायझरने वही फिरवून वाचलं. "काकू, बॅटरी लिहा की. चूक आमचीच, बदलायला हवी होती. तुमचं रेकॉर्ड सांभाळता येईल."

"बॅटरी संपली म्हणून उशीर नाही झाला, साहेब. दोन वीसला मी किल्लीच मारली नव्हती," काकू म्हणाल्या. "असू द्या तसंच."

बाहेर सल्लागार उभेच होते. "मग, शनिवारी दुकानात येऊ का बरोबर? परत घ्यायला कुरकुर करतात ते लोक."

"तुम्ही म्हणाला होतात ते सगळं खरं निघालं," काकू म्हणाल्या. "सगळ्या बाबतीत कन्सोलच सरस आहे."

"मग?"

"मग काही नाही. ठेवतेय मी हे."

सल्लागारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एवढा अचूक सल्ला आणि त्याची अशी माती! ते दोन दिवस कोणाला काही सांगायच्या मनःस्थितीत नव्हते आणि आवारात त्या काळात दोघांनी स्वतःच्या बुद्धीने चपला घेतल्या.

शुक्रवारी काकू यंत्र घेऊन फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीत गेल्या, तिथल्या भिंतीतल्या सॉकेटला चार्जर लावला आणि स्टुलावर बसल्या. मोबाइलमध्ये दोन पंधराचा गजरही लावला. एकला पाच कमी असताना यंत्र सुरू केलं आणि अपडेटची वाट पाहू लागल्या. नव्हता. त्यांनी स्वतः आत शिरून शोधला. नव्हता. यंत्र आदल्या दिवशी पुरतं सुधारलं होतं. एका मिनिटात शेत समोर हजर, झाडं सुकलेली, बादली तयार. काकूंचं तोंड पडलं.

एकला फोन वाजला.

"आई, किती टक्के?"

काकूंनी यंत्र हळूच मांडीवर पालथं घातलं.

"दोन," त्या म्हणाल्या. "फार सावकाश चाललंय बाई आज. तुझं?"

पलीकडे खेळाची धून वाजत होती, ती एकदम बंद झाली.

"माझंही तीनच झालेत," लेक म्हणाली. "बरं ऐक, सकाळी काय झालं..."