न खाल्लेला जिताडा

तो जिताडा मी खाल्ला नव्हता. एवढं सांगायला मला पंचवीस वर्षांहून जास्त लागली.

नव्वदच्या दशकात मी रोह्याजवळच्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीत सांडपाण्याचा केमिस्ट होतो. राहायला पेणला, ये-जा एसटीने, नागोठण्यावरून. कंपनीचं लाल पाणी पुढे खाडीत उतरायचं. खाडीकाठी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं जिताडा माशांचं तळं होतं. भरतीचं पाणी आत घ्यायला बांधात लाकडी दार असतं, त्याला तिकडे उघाडी म्हणतात. खाडीत लाल पाणी दिसल्यापासून म्हाताऱ्याने उघाडी उघडली नव्हती. उन्हाळ्यात तळं आटत चाललं आणि तो रोज कंपनीच्या गेटवर येऊन बसू लागला.

लोखंडाची कल्पना माझी. रंगाचं पाणी लोखंडाच्या बारीक किसातून सोडलं तर रंग तुटतो, असं एका मासिकात वाचलं होतं. पेणच्या लेथवाल्यांकडून किसाची पोती आणली. तेल जावं म्हणून किस सोड्याने धुतला, गंज जावा म्हणून पातळ ॲसिडने धुतला आणि उंच टाकीत भरला. वरून लाल पाणी सोडलं. पहिल्या दिवशी खालच्या नळातून जवळजवळ नितळ पाणी आलं तेव्हा मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली.

आमच्या लॅबमध्ये माझ्यापेक्षा वयाने मोठी एक सहायक होती. तिने बाटली नाकाशी नेली आणि म्हणाली, "साहेब, रंग तुटला, पण तुकडे कुठे गेले? वास घ्या ना जरा."

वास मला आधीच आला होता. लोखंड रंग तोडतं, पण त्यातून बिनरंगी विषारी द्रव्यं सुटतात. ती खाऊन टाकायला पुढे हवा सोडलेली जिवाणूंची टाकी लागते. आमची टाकी दुरुस्तीला काढलेली होती. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिला म्हणालो, "टाकी महिन्याभरात सुरू होतेय. तोवर खाडीत पाणी पातळ होतंच."

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली आणि बाटलीला बूच लावलं.

त्याच आठवड्यात म्हाताऱ्याला आत बोलावून नळ दाखवला. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, उन्हात धरलं. मग मॅनेजरकडे न बघता मला विचारलं, "तुमी सांगा. उघाडी काढू का नको?"

"काढा," मी म्हणालो.

अमावस्येच्या उधाणाला त्याने पाणी आत घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी दोन थांबे आधी उतरून तळ्याकडे जाऊ लागलो. एखादा मासा उलटा तरंगताना दिसतो का ते बघायचो. दिसला नाही की सुटल्यासारखं वाटायचं, ते कंपनीच्या गेटपर्यंतच. बांधावरचे लोक हसायचे. "साहेबाची नजर माशावर हाय," एक जण म्हणाला. म्हातारा म्हणाला, "असू दे की. साहेबाला पयला मासा आपलाच."

साहेबाला जिताडा देणं ही आमच्याकडची जुनी रीत. तीनेक आठवड्यांनी म्हातारा खरंच पेणला आला. केळीच्या पानात गुंडाळलेला, हातभर लांब मासा. बायको हरखली. मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

"मग आम्ही खातो," ती म्हणाली.

"नको. कोणीच नको."

तिने मासा पानासकट माझ्या हातात दिला. मागच्या अंगणात खड्डा खणून मी तो मासा पुरला, वर मोठा दगड ठेवला, मांजराने उकरू नये म्हणून.

दोन दिवसांनी म्हातारा गेटवर उभा. "कसा लागला?"

"लई गोड," मी म्हणालो.

"डोकं खाल्लंत का? डोक्याचं कालवण खरं."

"व्हय, खाल्लं."

तो मान डोलावत गेला. टाकी महिन्याऐवजी पावसाळ्यानंतर सुरू झाली. मी कोणालाच काही सांगितलं नाही. पुढे काही वर्षांनी म्हातारा पोटाच्या दुखण्याने गेला. ते दुखणं त्या पाण्याचं होतं का, हे मला माहीत नाही आणि कोणी सांगूही शकणार नाही. पण मी अंत्ययात्रेला गेलो नाही, आणि का गेलो नाही हे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी मी त्या घरी गेलो. त्याची सून आता साठीची आहे. तिने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं: टाकी, वास, मासा, खड्डा. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सासरे गेटवर तुमाला विचारून आले त्या दिवशी आमी तळ्यात जाळं टाकलं," ती म्हणाली. "तोवर घरात मासा शिजवू दिला नव्हता त्यांनी. म्हनायचे, पेणच्या साहेबाला देऊन बघू. त्याला पान्यातलं कळतं. त्याने खाल्ला तर आपन खाऊ."

हातातलं पाण्याचं भांडं मी खाली ठेवलं.

"कालवण मी केलं होतं," ती म्हणाली. "पोरांना डोकी वाढली."