आईच्या हॉलमधला कॅमेरा

आमच्या घरात कॉम्प्युटर एक आणि त्याला जोडलेल्या भानगडी सतरा. शुक्रवारी सुट्टी, म्हणजे नवऱ्याचा नवं काहीतरी लावून बघण्याचा वार. इथे ओमानात, सीबच्या बाजारातून कधी बोलका स्पीकर यायचा, कधी पेनाने चित्रं काढायची पाटी. फुकट वापरून बघायची सॉफ्टवेअरं तर विचारूच नका. चार दिवस कौतुक, मग सगळं कपाटात. हौसेला मोल नसतं हे खरं, मी म्हणायचे, पण अल हैलच्या या फ्लॅटमध्ये जागेला आहे ना. तो हसायचा आणि पुढचं खोकं उघडायचा.

एकाच वस्तूला मी नावं ठेवली नाहीत. मिरजेला आईच्या हॉलमध्ये लावलेला कॅमेरा. बाबा गेल्यापासून आई एकटी आणि मी इकडे ओमानात. तिने फोन उचलायला जरा उशीर केला की मी लगेच तिच्या शेजारच्या काकूंना फोन लावायचे. तशी मी तोंडाची खमकी, पण या एका बाबतीत भित्री भागूबाई. आईला आधी ते पटेना. "मी काय सराफाचं दुकान आहे का, पाळत ठेवायला?" म्हणाली. मग सवय झाली. तिचं घड्याळ आमच्या दीड तास पुढे, त्यामुळे आमच्या नाश्त्याच्या वेळी तिचा स्वयंपाक चाललेला असायचा. कुकर लावून ती खुर्चीत भाजी निवडत बसायची आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायची. ती आम्हाला दिसायची, ऐकू यायची. आमचं मात्र तिला काही ऐकू जायचं नाही. बोलायचं तर फोन करायचा.

चित्र सारखं अडकायचं. हात वर तो वरच, तोंड उघडं ते उघडंच. लेकीचं मराठी एरवी अडखळतं, शाळेत सगळं इंग्रजीच, पण "आजी अडकली" हे तिला पक्कं येत होतं. आम्ही हसायचो आणि थोड्या वेळाने आजी सुटायची.

त्या शुक्रवारी नवऱ्याने कॅमेऱ्यासाठी नवं सॉफ्टवेअर उतरवलं. म्हणे चित्र लख्ख येईल. स्क्रीनवर जो प्रश्न येईल त्याला तो न वाचता 'हो' दाबत गेला. चित्र आलं. आई खुर्चीत, मांडीवर मेथीचं ताट, मान जरा एका बाजूला. हलत नव्हती. तिच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"आवाज येतोय, म्हणजे चित्रच अडकलंय," नवरा म्हणाला.

"झालं. चांगलं चाललेलं बिघडवून ठेवलंस. हात शिवशिवल्याशिवाय राहत नाहीत ना तुझे?"

"अगं, पाच मिनिटं दे. यल्ला, चला, आत्ता सुटेल."

मी पोहे करायला आत गेले. लेक झोपली होती. तो सेटिंग उलटीपालटी करत होता, मी आतून त्याच्यावर तोंडसुख घेत होते आणि मध्ये मध्ये शिट्ट्या होत होत्या.

कांदा चिरता चिरता माझा हात थांबला. आईच्या कुकरला तीन शिट्ट्या. चौथी झाली की वरणाचा पार लगदा होतो, असं तिचं म्हणणं. लहानपणी मी कुठेही खेळत असले तरी तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायला धावत यायचे. आणि आत्ता मी कितीतरी ऐकल्या होत्या.

मी बाहेर आले, स्क्रीनला नाक लागेल इतकी जवळ गेले. आईच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता.

"चित्र अडकलेलं नाही," मी म्हणाले.

मी फोन लावला. तो तिच्या शेजारी टेबलावर वाजायला लागला आणि आमच्या हॉलमध्ये ऐकू आला. वाजतच राहिला. तिने मान वळवली नाही. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आई समोर दिसत होती, पण हात पुढे केला तर काच. तिकडे गॅस पेटलेला, कुकरमधलं पाणी संपत आलेलं, आणि मी अल हैलमध्ये, बोटांना कांद्याचा वास.

शेजारच्या काकूंकडे आईच्या घराची किल्ली असते. नवऱ्याने त्यांना फोन केला, तर त्या नेमक्या गच्चीवर वाळवण घालत होत्या. त्या खाली येईपर्यंत मी आईच्या पदराकडे बघत राहिले, श्वासाने वरखाली होतोय का म्हणून. होतोय असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

दार उघडलं. काकू धावत आईपाशी गेल्या. त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही मी ओरडले, "काकू, आधी गॅस बंद करा!"

काकू दचकल्या. त्यांनी वळून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मग स्वयंपाकघरात पळाल्या.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "आपला आवाज तिकडे जातोय," तो म्हणाला. "नव्या सॉफ्टवेअरने चालू केलाय. मगासपासून."

अर्धांगाचा झटका होता. वेळेत आणलं म्हणून वाचल्या, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. वेळेत हा शब्द मला टोचत राहिला. मिळेल त्या विमानाने मुंबई आणि तिथून गाडीने मिरज. वाटेत मला दोनच गोष्टींची भीती होती. एक, मी पोचेपर्यंत तिला पुन्हा काही होईल की काय. आणि दुसरी सांगायलाही लाज वाटते: तिने काय काय ऐकलं असेल?

सुरुवातीला तिची जीभ उचलत नव्हती. मी तिला भरवायचे, तिची वेणी घालायचे आणि तो विषय निघू नये म्हणून भलतंसलतं बोलत राहायचे. ती टक लावून माझ्याकडे बघायची आणि मी नजर चुकवायचे. मग हळूहळू शब्द यायला लागले. एका दुपारी मी मऊ भात कालवत होते, तेव्हा तिनेच विषय काढला.

"ऐकू येत होतं मला," ती सावकाश म्हणाली. "तू त्याच्यावर चिडली होतीस."

"आई, आम्हाला वाटलं..."

"असू दे गं. हाक मारायची होती, तोंडच उघडेना." तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "म्हटलं, इथेच आहे पोरगी. भांडण संपलं की बघेल माझ्याकडे."