बेदियाको मास्टरचा हिरवा ठिपका

कुमासीच्या सुआमे गॅरेजवस्तीत रंग म्हणजे माणसाचं आडनाव. इथले जुने फिटर कारखान्याच्या खुणेवर विसंबत नाहीत. इंजिनाचं टायमिंग, म्हणजे पिस्टन आणि ठिणगीचा मेळ, मनासारखं जुळलं की पुढच्या पुलीवर आपल्या रंगाचा ठिपका देऊन मोकळे होतात. त्वेनेबोआचा पिवळा, तर बेदियाको मास्टरचा हिरवा. दुसऱ्याचा ठिपका कुणी पुसत नाही. एका नवख्याने एकदा पुसला, तर तीन आठवडे त्याला कुणी साधा पाना उसना दिला नाही!

बेदियाको अठ्ठावन्न वर्षांचा, ठेंगणा, आणि कानाचा असा तिखट की इंजिनाकडे पाठ करून कुठला प्लग मेलाय ते सांगायचा. एकदा चर्चमध्ये ऐन प्रार्थनेत बाहेर गाडी थांबली, तर हा मोठ्यांदा म्हणाला, "तिसरा प्लग गेला." गाडी पाद्रीबाबांच्या भावाची निघाली, आणि प्लगही तिसराच निघाला.

पण त्या शुक्रवारी तो कान काही कामाला येईना. समोर उभी होती भाच्याची, पानिनची, मिनीबस. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'देव पुढे आहे'. महिन्यापूर्वी बेदियाकोच्या सासूबाई वारल्या, तेव्हा आठव्या दिवसाच्या शोकबैठकीला सगळं कुटुंब याच बसने निघालं आणि माम्पोंगच्या घाटात बसने मान टाकली. काळी वस्त्रं नेसलेल्या बायाबापड्या चपला हातात घेऊन घाट चढल्या. वर पोचल्यावर सासुरवाडीच्या कुळाचे वडीलधारे कारभारी सगळ्यांदेखत म्हणाले, "जावई आले का? का इंजिनाला वारा घालत बसलेत?"

इथल्या रीतीने देह महिनाभर शवागारात ठेवलेला; उद्या शनिवारी अंत्यविधी. शवपेटी मिटायच्या आत जावयाने कापड, चटई आणि उशी आणून द्यायची असते. उशीर झाला तर बायकोच्या माहेरी जन्मभर खाली मान.

"प्लग नवे घातले, कार्बोरेटर धुतला, पेट्रोल बदललं," बेदियाको दातओठ खात म्हणाला. "तरी चढावर ओढ नाही. तापतंय, सायलेन्सरमध्ये फटफट वाजतंय. दाऊदा, तुझ्या कॉइलनेच घात केला!"

दाऊदा शेजारचा इलेक्ट्रिशियन. भाजलेली केळी आणि शेंगदाणे चघळत तो शांतपणे म्हणाला, "मास्टर, सकाळपासून तीन कॉइल लावून झाल्या. आता माझंच डोकं काढून लावा."

"त्यात ठिणगी असती तर लावलं असतं!"

"मामा, टायमिंग मागे पडलं असेल का?" पानिनने भीत भीत विचारलं.

झालं! बेदियाको भडकलाच. "टायमिंग? हा हिरवा ठिपका दिसतो? कुणाचा आहे? टायमिंग लाइट मारून बघ, इंजिनावरच्या काट्यासमोर आहे का नाही ते!" ठिणगीबरोबर लुकलुकणारा तो दिवा पुलीवर धरला. ठिपका बरोब्बर काट्यासमोर. "बघ! चालवायची अक्कल नाही, आणि मामाला शिकवतोय."

एवढ्यात त्याची बायको सेरवा चटईची गुंडाळी काखेत मारून आली. "अहो फिटर, आई काही तुमच्या प्लगांसाठी थांबायची नाही. दुसरी बस करा."

"फिटरने भाड्याच्या गाडीने सासुरवाडीला जायचं? मग कारभारी काय म्हणतील?"

"आणि चालत गेलात तर काय आरती ओवाळतील?"

काहीतरी करायचं म्हणून बेदियाकोने व्हॉल्व्ह तपासायला घेतले. पहिला प्लग खोलला, भोकात झाडूची लांब काडी सोडली आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवलं. पिस्टन वर येईल तशी काडी वर आली, थांबली, खाली जाऊ लागली. त्याने इंजिन परत थोडं मागे फिरवलं आणि काडी अगदी टोकाला असताना थांबला. मग पुलीकडे पाहिलं. पिस्टन टोकाला असताना काट्यासमोर हवा असलेला हिरवा ठिपका चांगला बोटभर लांब!

"काडी वाकडी आहे," तो म्हणाला. दुसरी काडी घेतली. तीही वाकडी निघाली. तिसरीही.

"आज सगळं सुआमे वाकडं आहे, मास्टर," दाऊदा म्हणाला.

बेदियाकोने खडू घेतला. या पुलीला मधला तुंबा आणि बाहेरचं कडं असे दोन भाग, मधे रबर. त्याने तुंब्यापासून कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली, प्लग बसवून इंजिन सुरू केलं, चारपाचदा दणकून रेस दिली, बंद केलं. रेघ तुटली होती. अर्धी तुंब्यावर, अर्धी कड्यावर, मागे सरकलेली. ठिपका दिल्यापासूनच्या आठ वर्षांत रबर कुजलं आणि ठिपक्यासकट कडं घसरलं. ते मागे राहिलं म्हणून टायमिंग पुढे गेल्यासारखं दिसायचं, आणि मास्टर ठिपका गाठायला प्रत्येक वेळी टायमिंग आणखी मागे ओढायचा. बसचा दम त्याने स्वतःच्या हाताने काढला होता.

दाऊदाने हसू दाबायला तोंडात शेंगदाणे कोंबले. "हसा की," बेदियाको करवादला, "का त्यालाही माझी परवानगी पाहिजे?"

तसली पुली अख्ख्या गल्लीत भंगाराच्या एकाच ढिगात मिळाली. त्वेनेबोआच्या. आणि तिच्यावर ठसठशीत पिवळा ठिपका! त्वेनेबोआ पुली हातात देताना इतका गोड हसला, की बेदियाकोला शिवी परवडली असती. बसवली. काडी घालून पिवळा ठिपका तपासला, काही चूक सापडावी म्हणून तीनदा. सापडली नाही. मग त्याच ठिपक्यावर टायमिंग नव्याने लावलं.

शनिवारी पहाटेच निघाले. घाटाचा पायथा आला तशी सेरवाची मावशी वाकून चपला काढू लागली. "राहू दे मावशी," बेदियाको खेकसला.

"पोरा, मागच्या वेळी तू हेच म्हणाला होतास."

पानिनने दुसरा गिअर टाकला. बस गुरगुरली आणि चढत राहिली, एकदाही फटफट न करता. वरच्या वळणावर मावशीने चपला पायात घातल्या.

पेटी अजून उघडी होती. बेदियाकोने कापड, चटई, उशी दोन्ही हातांनी पुढे केली. कारभाऱ्यांनी ती घेतली, सासूबाईंच्या उशाशी ठेवली, मग बसकडे बघून म्हणाले, "जावईबापू, या वेळी गाडी कुणी दुरुस्त केली?"

सेरवा नवऱ्याकडे बघत होती. भाचा जमिनीकडे.

"मीच," बेदियाको म्हणाला. आणि मग, जीभ ओढून काढावी तसा, "आणि बिघडवलीही मीच. पुली त्वेनेबोआची."

"बसा," कारभारी म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या, आपल्या शेजारच्या खुर्चीवरची काठी त्यांनी उचलली.