दाजींच्या गॅरेजातलं चार नंबरचं भूत

माझे दाजी व्हर्डेल टब्स यांनी उभ्या आयुष्यात दोनच कामं धड केली. कारखान्यात गाड्यांना दरवाजे बसवले आणि माझ्या बहिणीशी लग्न केलं. त्यातलं दुसरं तर ओडेसानंच रेटून नेलं.

रिटायर झाल्यावर लोक नदीवर गळ टाकून बसतात. दाजींनी गॅरेज धरलं. गाडी बाहेर बर्फात कुडकुडायची आणि आत यांची यंत्रं हीटरपाशी. आमच्या डेट्रॉईटमध्ये याचं कुणाला नवल नाही. आमच्या वयाच्या निम्म्या बाप्यांच्या तळघरात सिंथेसायझर असायचेच. बाकीच्यांनी ते परदेशी पोरांना विकून घराचं छप्पर तरी दुरुस्त केलं. आमचे दाजी मात्र वर्षानुवर्षं एकच गाणं घासत बसले. त्या गाण्याला चाल अशी नव्हतीच, नुसता ठेका. मला झोपेतसुद्धा पाठ झालं होतं.

मधोमध त्यांचा सिक्वेन्सर. त्याला स्वतःचा आवाज नाही, आपण भरलेलं ध्यानात ठेवून तो फक्त दुसऱ्यांना कामाला लावतो, म्हणून दाजी त्याला मुकादम म्हणायचे. मुकादमातून मिडीची वायर पहिल्या सिंथला, तिथून दुसऱ्याला, तिथून तिसऱ्याला. या वायरीतून सूर जात नाहीत, हुकूम जातात, आणि प्रत्येक हुकमावर नंबर असतो. एक नंबर बेसचा, दोन व्हायोलिनचा, तीन ट्रम्पेटचा. आपला नंबर आला की वाजायचं, दुसऱ्याचा पुढे ढकलायचा.

"आपली कारखान्यातली लाइनच की गं," दाजी मला समजावायचे. "बिजागरीवाल्यानं बिजागरी उचलायची, काचवाल्यानं काच. दुसऱ्याच्या पार्टाला हात लावायचा नाही."

"आणि कुणीच उचलला नाही तर?"

"तर लाइनच्या टोकाला पेटीत पडतो. तो कोण बघतंय!"

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीची जेवणावळ होती. रस्ता अडवून टेबलं मांडलेली, गॅरेजाच्या उघड्या दारात दाजींची यंत्रं, पास्टर प्रार्थनेला उभे राहिले आणि नेमका दाजींचा एक सूर अडकला. भोंगा थांबेचना! दाजींनी हाताला लागतील ती सगळी बटणं दाबली. पास्टर बिचारे त्या भोंग्यावर ओरडून ओरडून देवाचे आभार मानत होते. शेवटी दाजींनी प्लगच उपटला, तर रिब्जच्या, म्हणजे भाजलेल्या बरगड्यांच्या, टेबलावरचा पंखाही बंद.

घरी आल्यावर ओडेसा एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं ना व्हर्डेल, तर गॅरेज रिकामं करायचं. मला मक्याच्या पावाची भट्टी लावायचीय तिथं."

ओडेसा बोलते ते करते. तिनं सिगरेट एका दिवसात सोडली होती, आणि पहिला नवराही. दाजींचं धाबं दणाणलं. गॅरेज गेलं तर हा माणूस दिवसभर टीव्हीपुढे बसून वाळून जाणार, हे मलाही दिसत होतं. पण ती भट्टी लागली की तिच्याशेजारी माझा फ्रीझर ठेवायचं ठरलं होतं, त्यामुळे मी तोंडाला कुलूप लावलं.

यंदा जेवणावळ आठवड्यावर आली आणि ट्रम्पेटवाला सिंथ मेला. दाजींनी कुठूनसा जुना आणून जोडला. तर हा नवा पाहुणा सगळंच वाजवायला लागला! बेसचंही तोच, व्हायोलिनचंही तोच.

"हावरट मेला," मी म्हटलं. "लग्नात आपला लिरॉय मामा प्रत्येक टेबलावर जेवतो तसा."

"याला नंबरच लावलेला नाही," दाजी म्हणाले. "जो हुकूम येईल तो याचाच. थांब, आधी बाकीची लाइन बंद करून बघू." कारखान्यातली सवय. बिघाड आला की लाइनच्या पहिल्या ठेसनापासून एकेक बंद करत जायचं. त्यांनी मुकादमावर एक बंद केला, दोन बंद केला, तीन बंद केला. आता गॅरेजात चिडीचूप व्हायला हवं होतं.

झालं नाही. ट्रम्पेट वाजतच राहिला. एक संथ, गोड चाल. आम्ही दोघांनीही ती कधी ऐकलेली नव्हती.

"अगं बाई, भूत!" मी खुर्चीवरून उठलेच.

दाजींनी वायरी उपटून पुन्हा लावल्या, यंत्र बंद करून चालू केलं. चाल तशीच. शेवटी त्यांनी पाहुण्याला तीन नंबर लावला, तेव्हा कुठे ती गेली.

"सुटलात एकदाचे," मी म्हटलं. "आता झाका आणि जेवायला चला."

"नाही गं. लाइनवर फुकटचा पार्ट येत नाही. कुणीतरी टाकतंय म्हणून येतो." आणि या बाबानं तो नंबर परत काढला! चाल पुन्हा सुरू झाली. दाजी डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी बेस चालू केला, आणि ती चाल त्यांच्या त्या रटाळ गाण्यावर अशी चपखल बसली की माझा पाय आपोआप ठेका धरायला लागला. इतकी वर्षं त्या गाण्यात काय नव्हतं ते तेव्हा कळलं.

दाजींनी चष्मा पुसला आणि मुकादमावर वाकून बघितलं. चौथ्या रांगेतला दिवा लुकलुकत होता.

"चार नंबर? चारवर तर तो छोटा सिंथ होता. तो दोन वर्षांपूर्वी मी डीकन हॉलिसला देऊन टाकला, चर्चसाठी. आणि चारवर मी कधी काही भरलंच नाही!"

"तिसऱ्या ओळीत एक सूर चुकलाय," मागून आवाज आला. "तो मला बदलायचा होता."

दारात ओडेसा उभी. हाताला पीठ.

दाजींचा जबडा खाली आला. "तू? कधी?"

"तू बोलिंगला जायचास तेव्हा. मी काय भिंतीकडे बघत बसू?"

"अगं, मग सांगायचंस ना!"

"सांगणारच होते. चाल पुरी झाली, तुला ऐकवायची म्हणून आले, तर टेबलावर मोकळी जागा. माझं यंत्र चर्चला."

"तुझं?"

"वाजवत कोण होतं त्याच्यावर?"

ओडेसा आत निघून गेली. भट्टीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला भट्टी कधीच नको होती. तिला राग होता. माझा फ्रीझर बोंबलला, पण त्या माणसाची मला त्या दिवशी पहिल्यांदा कीव आली, आणि तिची त्याहून जास्त.

दाजी तसेच उठून डीकनकडे गेले. मीही गेले, मजा कोण सोडणार?

"देवाला दिलेलं परत मागतोस, व्हर्डेल?" डीकन हॉलिस म्हणाला.

"देवाला नाही, तुला दिलं होतं. आणि तू त्याच्यावर कोट वाळत घातलायस."

जेवणावळीच्या दिवशी पास्टरांची प्रार्थना शांततेत पार पडली. मग दाजींनी गाणं सुरू केलं. बेस आला, व्हायोलिन आलं, ट्रम्पेट निमूटपणे आपल्या नंबरावर आला. आणि रांगेच्या टोकाला बसवलेल्या छोट्या सिंथमधून ती चाल निघाली. बायका ताटं खाली ठेवून उठल्या, रस्त्यात नाचाची रांग लागली. "व्हर्डेल, हे कधी बसवलंस रे?" कुणीतरी ओरडलं.

"मी नाही!" दाजी त्याहून मोठ्यानं ओरडले. "ही ओडेसाची चाल आहे!"

तेवढ्यात तिसरी ओळ आली आणि तो सूर चुकला. ओडेसा रिब्ज उलटत होती. तिनं चिमटा नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "सरक."

दाजी सरकले. तिनं चार नंबर बंद केला आणि ती चाल हातानं वाजवली, तो चुकलेला सूर सुधारून. दाजी जाळाकडे पाठ करून, डोळे पुसत ऐकत राहिले. रिब्ज पार कोळसा झाल्या.

गॅरेज काही रिकामं झालं नाही. दाजी आता आत जाताना दार वाजवतात.